निर्जळी मोडली त्या वर्षी

देवाची कृपा झाली, असं लिहायला बसलं की माझा हात अजून अडखळतो. माझ्या बाबतीत कृपा आली ती मी व्रत मोडल्यावर, मनात देवीची भीती आणि थोडा रागही असताना. अशा बाईवर कृपा का व्हावी, हे मला आजही सांगता येत नाही. घडलं ते तेवढं लिहिते. आमच्या यांनीच मला अक्षर शिकवलं, तेव्हा लिहिण्यात चूक दिसली तर ती माझ्या पदरात घालावी.

आम्ही तेव्हा पिंपरी पेंढारला होतो. हे तिथल्या मराठी शाळेवर मास्तर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि आमची एकुलती यमू. यमूचं लग्न ओतूरच्या एका घरी जुळत आलं होतं. माणसं भली, घर खाऊनपिऊन सुखी. दिवाळीनंतर सुपारी फोडायची असं बोलणं झालं होतं. मी चाळिशीच्या जवळ आले होते, आणि आता आपलं सगळं मार्गी लागलं, असं मला वाटू लागलं होतं.

त्याच वर्षी मृगाच्या सुमारास मला तहान लागायला लागली. आधी वाटलं, उन्हाळ्याची काहिली अंगात राहिली असेल. पण पाऊस लागला, हवा गार झाली, तरी तहान काही हटेना. तांब्याभर पाणी प्यावं आणि भांडं खाली ठेवता ठेवता जीभ पुन्हा टाळ्याला चिकटावी. जेवढं प्यावं तेवढं जावंही लागे. भाकरी थापायला बसले की दोन भाकऱ्यांच्या मधे एकदा उठायची. भूकही राक्षसासारखी लागे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी तव्यावरची करपलेली कोरसुद्धा सोडत नसे. आणि एवढं खाऊन अंग मात्र झडत चाललेलं. चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या, बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या. सुईत दोरा ओवायला मला यमूची गरज पडू लागली. पोटऱ्यांत गोळे येत. चुलीपाशी बोट भाजलं होतं, ते श्रावण संपत आला तरी ओलंच होतं.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. त्याला कारण होतं. माझी थोरली बहीण अशीच वाळत गेली होती. तिला क्षय झाला होता. शेवटचे चार महिने तिच्या सासरच्यांनी तिला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं, तिचं ताट वेगळं, लोटी वेगळी. मी भेटायला गेले तेव्हा मलाही उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. तिचे हात मला आठवायचे. आता माझ्या मनगटाकडे पाहिलं की तेच हात दिसायचे. मला खोकला नव्हता, पण मी रोज सकाळी मुद्दाम खोकून पाही आणि थुंकी निरखून बघे. घरात क्षय आहे अशी कुजबुज ओतूरपर्यंत गेली असती तर यमूची सोयरीक तिथेच मोडली असती. म्हणून मी बांगड्यांना आतून चिंधी गुंडाळली, म्हणजे त्या मनगटावर राहाव्यात.

मग मुंग्या आल्या. पावसाळ्यात परसात चिखल असे, म्हणून आम्ही बायका न्हाणीतल्या मोरीवरच जायचो. एके सकाळी सासूबाईंनी पाहिलं तर मोरीच्या दगडावर काळ्या मुंग्यांची दाट रांग.

"यमे, इथं गूळ कुणी सांडला गं?" त्या ओरडल्या.

"मी नाही, आजी."

"तू नाही तर काय मोरीनं खाल्ला? चोरून गूळ खातेस आणि वर तोंड करून बोलतेस?"

यमूला बोलणी बसली. सासूबाईंनी हळद टाकली, राख टाकली, गरम पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी मी एकटी तिथे उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की मी जिथे बसते तिथेच त्या येतात.  माणूस जिवंत असताना त्याला मुंग्या लागतात का? मुंग्या तर मेलेल्याला लागतात. मी घाईघाईने पाणी ओतलं, आणि त्या दिवसापासून दर वेळी दोन तांबे पाणी ओतायची सवय लावून घेतली. यमूवर आलेला आळ मात्र मी तसाच राहू दिला. त्याची लाज मला अजून वाटते.

माझी वाळलेली मान सासूबाईंच्या नजरेतून सुटली नाही. "उष्णता झालीय तुला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मायेने सकाळी मोरावळा, दुपारी खडीसाखरेचं सरबत, निजताना गुलकंद सुरू केला. मी आनंदाने घेई, कारण गोड मला अमृतासारखं लागे. आणि तहान दुपटीने वाढे.

भाद्रपदात हरितालिका आली. लग्न झाल्यापासून मी हा उपास निर्जळी करत आले होते. एकदाही चुकला नव्हता, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता. त्या दिवशी वाळूची गौर मांडली, पत्री वाहिली, शेजारच्या बायका आल्या. दुपार उतरायच्या आत माझ्या डोळ्यांपुढे काळी वर्तुळं फिरू लागली. जीभ लाकडासारखी झाली. कहाणी वाचताना शब्द तोंडातून फुटेना. मी पत्री आणायचं निमित्त करून मागे गोठ्यात गेले. गाईसाठी भरून ठेवलेली बादली तिथे होती. वर गवताच्या काड्या तरंगत होत्या. मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी बादली धरली आणि जनावरासारखं तोंड लावून पाणी प्यायले. थांबताच येईना. गाय माझ्याकडे बघत होती. प्यायल्यावर पदराने तोंड पुसलं आणि परत येऊन बायकांमधे बसले. कुणाला कळलं नाही. "तुझी कमाल आहे हो," एक शेजारीण म्हणाली, "इतकी वाळलीस तरी उपास सोडत नाहीस."

चौथ्या दिवशी यांना ताप भरला.

त्या प्लेगच्या वर्षांत ताप म्हटला की लोक आधी काखेत आणि जांघेत गाठ चाचपून पाहत. यांच्या काखेत मीच हात घातला. गाठ नव्हती. पण मला वाटलं, आज नाही तर उद्या येईल. ज्याच्या आयुष्यासाठी उपास करायचा त्याच्या आयुष्याशीच मी दगा केला होता. पाच दिवस यांना हुडहुडी भरत होती, आणि मी उशाशी बसून मनातल्या मनात देवीला विनवत होते, मला घे, यांना सोड. सहाव्या दिवशी घाम फुटून ताप उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. ही ताकीद होती, खरी शिक्षा पुढे आहे, असंच मी धरून बसले. माझं वाळणं, त्या मुंग्या, सगळं आता एकाच पापाच्या माळेत मी ओवलं. तहान पापाच्या आधीची होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. भीतीला मागचं पुढचं कळत नाही.

प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. गिरिजेने पुत्रासाठी जिथे तप केलं, त्या लेण्याद्रीला जायचं, सगळ्या पायऱ्या निर्जळी चढायच्या आणि तिच्या लेकाच्या पायाशी क्षमा मागायची. माझं माहेर जुन्नरला. भावाकडे चार दिवस जाऊन येते म्हणून मी निघाले. आश्विनातलं ऊन कडक होतं. कुकडी नदी ओलांडून बैलगाडी डोंगराच्या पायथ्याशी लागली. वहिनीचे गुडघे दुखत, ती गाडीजवळ सावलीत थांबली. मी एकटी चढू लागले. आदल्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

पहिल्या टप्प्याला देवीचं नाव घेत होते. पुढे नाव राहिलं, नुसता श्वास राहिला. निम्म्या वाटेवर पायऱ्या माझ्या दिशेने वर उठल्यासारख्या दिसल्या आणि मी कठड्याशी बसले, का पडले, ते आठवत नाही. एवढं आठवतं, की कानांत भुंगे गुणगुणत होते आणि मी स्वच्छपणे विचार केला, की आता मी मरते आहे आणि माझी क्षमा राहून गेली.

डोळे उघडले तेव्हा एक बाई माझ्यावर वाकली होती. पन्नाशीची, काळीसावळी, कासोटा घातलेली, कमरेला विळा. वर डोंगरउतारावर गवत कापायला आलेल्यांपैकी. तिच्या हातात सुक्या भोपळ्याचा तुंबा होता.

"घे, पानी पी."

मी मान हलवली. "उपास आहे. निर्जळी."

"मरतीस का काय? व्हटाला भेगा पडल्यात. पी गुमान."

"देवी कोपेल."

 ती माझ्याजवळ पायरीवर बसली आणि हसली. "आगं, हितं तर तिचं लेकरू जलमलं. आई हाय ती. आईला लेकराची तान कळत न्हाई व्हय?"

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तुंबा तोंडाला लावला. डोंगरातल्या टाक्याचं पाणी होतं, गार, दगडाच्या वासाचं. जात, सोवळं, व्रत, काहीच मला आठवलं नाही. मी सगळा तुंबा संपवला. ती माझ्याकडे बघतच होती. मग तिने माझी बांगडी वर सरकवून आतली चिंधी पाहिली.

"कधीपासून वाळतीयास?"

"मृगापासून."

"तान लई लागती? आन् सारखं जावं लागतं?"

मी मान डोलावली.

तिने आवाज खाली आणला. "मुताला मुंग्या लागत्यात का?"

 जे मी माझ्या सावलीलाही सांगितलं नव्हतं, ते ही परकी बाई कशी विचारते? मी रडायला लागले. रडता रडता सगळं बोलून गेले. मुंग्या, बहीण, यमूची सोयरीक, गाईची बादली, सगळं.

"माज्या दादल्याला असंच व्हतं," ती म्हणाली. "आमी घाटघरचं. आमाला वाटलं, कुनी करनी केली. देवऋषी झाले, कोंबडं झालं. मग त्याच्या अंगठ्याला ठेच लागली, ती काळी पडली, पाय सुजला. तवा कुटं जुन्नरला हकिमाकडं नेला. हकीम म्हनला, मुंग्या लागल्या तवाच का न्हाई आनला? पन येळ गेली व्हती, त्यो ऱ्हायला न्हाई. तुला तरी येळेवर कळू दे, बाय. ही करनी न्हाई आन् पापबी न्हाई. दुखनं हाय."

हकीम कुठे राहतात ते तिने सांगितलं. मग माझा दंड धरून मला वरपर्यंत नेलं आणि लेण्याच्या तोंडाशी सोडून गवताकडे निघून गेली.

आत उजेड होता. मी गिरिजात्मजापुढे उभी राहिले. घोकून आणलेली क्षमायाचना एक अक्षर आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, "मला भीती वाटते." लहानपणी आईला सांगायची तसं. तिथे कसला आवाज झाला नाही, फूल पडलं नाही. पण किती महिन्यांनी मी ते शब्द कुणापुढे तरी मोठ्याने उच्चारले होते.

खाली उतरून वहिनीला सांगितलं, तिने भावाला. दादा आधी कां कू करू लागला. घरंदाज बाईला हकिमाकडे कसं न्यायचं, लोक काय म्हणतील. वहिनीने त्याला एकच विचारलं, "थोरलीला शेवटी कुणा वैद्याला दाखवलं होतं का?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो.

हकीमसाहेब म्हातारे होते. त्यांच्या गल्लीत कागद करणारी घरं होती, भिंतींवर ओले ताव वाळत लावलेले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, भाजलेलं बोट उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांच्या घरातल्या बाईने मला मागच्या अंगणात नेऊन लघवीसाठी मातीचं पसरट भांडं दिलं. ते तिने निंबाच्या बुंध्याशी ठेवलं आणि माझं, दुसऱ्या कुणाचं तरी, अशी दोन भांडी शेजारी मांडली. आम्ही वाट पाहत बसलो. मला वाटलं, न्यायनिवाड्याला बसले आहे. थोड्या वेळाने त्यांनी बोलावलं. दुसरं भांडं तसंच होतं. माझ्या भांड्याची कड मुंग्यांनी काळी झाली होती.

"बेटी, हा क्षय नाही," ते म्हणाले.

मी भिंतीला टेकले. त्यांनी मला रडू दिलं. मग शांतपणे पुढचं सांगितलं. "पण छोटी गोष्टही नाही. तुमचे वैद्य याला मधुमेह म्हणतात, आम्ही जियाबेतस म्हणतो. शरीरातली साखर अशी वाहून जाते, म्हणून माणूस खातो आणि झडतो. ही बीमारी जात नाही. तिला सांभाळून राहावं लागतं. घरात कुणाला लागणार नाही, ताट वेगळं करायचं कारण नाही. गोड आजपासून बंद. भात बंद. जवाची भाकरी, हुलगे, कारलं, मेथी. जांभळाच्या बियांची पूड देतो. रोज चालायचं, पण अनवाणी नाही. आणि पाय रोज बघायचे, आरशात तोंड बघता तसे."

"आणि उपास?" मी विचारलं.

"निर्जळी? कधीच नाही." ते थोडं थांबले. "या तहानेनं तुम्हाला इथवर आणलं. तिचा राग करू नका."

मी पिंपरी पेंढारला परतले ती आनंदाने नव्हे. न जाणारं दुखणं घेऊन परतले होते. घाटघरच्या त्या माणसाचा काळा अंगठा गाडीतून उतरेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे होता. शाळेतून हे आले, पगडी खुंटीला लावली. तेव्हाच सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगवणार नाही, असं वाटून मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हरितालिकेचंही.

 मला वाटलं, आता हे माझ्याकडे पाठ फिरवणार.

"गाईच्या बादलीतलं प्यालीस?" यांनी विचारलं.

"हो."

"मला हाक मारली असतीस तर मी तांब्या भरून आणून दिला असता."

एवढंच म्हणाले आणि यांचे डोळे भरून आले. आमच्या संसारात मी यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. व्रत मोडल्याचा राग होता, की मोरावळ्याचं वाईट वाटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी उठले तर त्या जात्यापाशी बसून जव दळत होत्या. यमूला त्यांनी जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "तुझ्यावर उगाच आळ घेतला गं मी." ते खरं तर मी म्हणायला हवं होतं. मग मीही म्हणाले.

ओतूरच्या मंडळींना यांनी स्वतः जाऊन माझं दुखणं सांगितलं. लपवून सोयरीक करायची नाही, असं यांचं म्हणणं. ती सोयरीक मोडली. त्यांनी कारण दुसरंच सांगितलं, पण आम्हाला कळलं. त्या हिवाळ्यात मी देवापुढे बसले की मनात एकच येई, की तू मला वाचवलंस आणि माझ्या लेकीचं काय केलंस? कृपा झालेल्या माणसाला असं वाटू नये, पण वाटलं ते लिहिते. दोन वर्षांनी आंबेगावचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "दुखणं कुणाच्या घरात नाही? सांगितलंत हे बरं केलंत." यमू तिथे सुखात आहे.

पथ्यावर आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तहान ओसरली. बोट भरून आलं. गेलेलं मांस थोडं परतलं.

गावात मी हे सांगितलं तेव्हा बायका म्हणाल्या, ती गवतवाली नव्हतीच, साक्षात गिरिजा होती. मलाही तसं मानायला आवडलं असतं. पण पुढच्या वर्षी जुन्नरच्या रविवारच्या बाजारात ती मला दिसली. मिठाच्या दुकानापाशी मापावरून भांडत होती. मी जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती दचकून मागे सरली. "कोन गं बाय तू?" मी आठवण दिली. तिला नीट आठवेना. "पानी व्हय? पाजलं आसंल," ती म्हणाली आणि माझ्याकडे निरखून बघत पुढे म्हणाली, "बरी दिसतीयास की." मी तिच्यासाठी लुगडं घेतलं. ते तिने सुनेला होईल म्हणून घेतलं आणि परत मिठाकडे वळली. मी तिथे उभी राहून तिच्याकडे पाहत राहिले. देवी असती तर तिला माझ्यासाठी काहीच टाकावं लागलं नसतं. ही दमलेली बाई, आपला माणूस गमावलेली, आपलं अर्धं काम टाकून माझ्यापाशी बसली होती. मला त्यातच देवाचा हात जास्त स्पष्ट दिसला.

आज त्याला अकरा वर्षं झाली. पूर्वी मला वाटे, देवावर भार टाकणं म्हणजे निमूट सोसणं, तोंड मिटून पायऱ्या चढणं. आता वाटतं, सोसण्यातही माझा हट्टच होता. कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून आपली भीती सांगणं मला जास्त अवघड गेलं. भीती अजून आहे. नजर अंधुक होत चालली आहे, आणि गेल्या वर्षापासून तळपाय बधिर झाले आहेत. चालताना पायांखाली जमीन कळत नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी अंगणात जागीच थिजले होते, पुढचं पाऊल कशावर पडेल या भयाने. हे समोर उभे होते. म्हणाले, "टाक पाऊल. जमीन आहे." मी टाकलं. जमीन होती. आता रोज तशीच चालते, कळत नसलं तरी.